उत्क्रांत म्हणजे जन्मजात नव्हे

एखादी भीती किंवा आवड उत्क्रांतीतून आली आहे असं म्हटलं, की ऐकणारा पुढचं परस्पर ठरवून टाकतो: मग ती जन्मापासूनच असणार आणि काही केल्या बदलणार नाही. माणसाचं मन उत्क्रांतीतून समजून घेणाऱ्या उत्क्रांती-मानसशास्त्रावरचे बरेचसे वाद या गल्लतीवरच पोसले गेलेत. उत्क्रांत गुणाची गोष्ट असंख्य पिढ्यांची असते, जन्मजात गुणाची एकाच जिवाची.

दाढी-मिशा उत्क्रांत आहेत, पण त्या घेऊन कोणी जन्माला येत नाही. उलट, जेमतेम दोन-तीन दिवसांचं बाळ आईचा आवाज ओळखतं, हे डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी 1980 मध्ये दाखवलं. तो विशिष्ट आवाज काही जनुकांत लिहिलेला नसतो, पोटात असतानाच तो कानावर पडत असतो.

खरी गंमत गिल्बर्ट गॉटलीब या संशोधकाच्या बदकांची. मॅलार्ड बदकाचं पिल्लू इन्क्युबेटरमध्ये उबवलं, आईचा आवाज कधी ऐकू दिला नाही, तरी ते कोंबडीच्या हाकेकडे न जाता मॅलार्ड मादीच्याच हाकेकडे जातं. यापेक्षा जन्मजात ते काय असणार? पण पिल्लं अंड्यात असतानाच आवाज काढू लागतात. गॉटलीब यांनी त्याआधीच काही पिल्लांचा आवाज बंद केला आणि त्यांना इतर पिल्लांपासून वेगळं ठेवलं. त्या पिल्लांना दोन हाकांमधला फरक नीट करता येईना. म्हणजे आईची हाक ओळखायला स्वतःची किंवा भावंडांची चिवचिव ऐकावी लागत होती. ती प्रत्येक पिढीला अंड्यातच आपसूक मिळते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. वारशात जनुकांबरोबर ही परिस्थितीही येते, आणि विकासाच्या, म्हणजे एकेका जिवाच्या जडणघडणीच्या बाजूने उत्क्रांतीकडे पाहणाऱ्यांचा मुद्दा नेमका हाच आहे.

टूबी आणि कॉस्मिडीस यांच्यासारखे उत्क्रांती-मानसशास्त्रज्ञ विकास नाकारत नाहीत, हेही सांगायला हवं. माझ्या मते घोटाळा जास्त होतो तो लोकप्रिय लेखनात, जिथे थेट अश्मयुगातून आजच्या डोक्यात उडी मारली जाते.

‘शिकलेलं आहे, म्हणजे उत्क्रांतीचा संबंध नाही’ हेही तितकंच चूक. प्रयोगशाळेत वाढलेली ऱ्हीसस माकडं सापाला घाबरत नाहीत. घाबरलेल्या माकडाचा व्हिडिओ दाखवला की घाबरायला शिकतात. कुक आणि मिनेका यांनी व्हिडिओत फेरफार करून तेच माकड फुलांना घाबरतंय असं दाखवलं, तेव्हा मात्र बघणारी माकडं फुलांना घाबरायला शिकली नाहीत. म्हणजे सापाची भीती शिकावी लागते, पण काय सहज शिकलं जाईल यात उत्क्रांतीचा हात असू शकतो.