बऱ्हाणपूरची एकदिवसीय सहल : तापीकाठच्या जुन्या राजधानीची पार्श्वभूमी

भुसावळ किंवा रावेरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल, इतक्या अंतरावर असलेले बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी फारुकी सुलतान आणि त्यांच्यानंतरचे मोगल या दोहोंच्या काळात खानदेशचा कारभार येथूनच चालत असे. उत्तरेकडून दख्खनेत उतरणारी वाट असीरगडाच्या पायथ्याने सातपुडा ओलांडून येथे तापीला भिडते. म्हणूनच नासिरखान फारुकीने नदीच्या उत्तर काठावर हे शहर वसवले आणि त्याला खुलदाबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव दिले. समोरच्या काठावरील जैनाबादला त्यांचे शिष्य झैनुद्दीन यांचे नाव मिळाले.

नदीकाठचा शाही किल्ला आणि अरबीबरोबरच संस्कृत शिलालेख असलेली जामा मशीद सर्वजण पाहतातच. आमच्या मते मात्र अधिक वेळ राखून ठेवावा तो शहराच्या उत्तरेकडील कुंडी भंडाऱ्यासाठी, म्हणजे मोगलकालीन भूमिगत पाणीपुरवठ्याच्या रचनेसाठी. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेल्यावर बऱ्हाणपूर मोगलांच्या दख्खन मोहिमांचे ठाणे बनले. लष्करासह एवढ्या वस्तीला केवळ तापीच्या पाण्यावर विसंबून ठेवणे धोक्याचे होते, कारण वेढा पडल्यास शत्रूला नदीचे पाणी सहज नासवता आले असते. त्यामुळे अब्दुर रहीम खानखानाच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या उतारावर मुरणारे पाणी भूमिगत बोगद्यात गोळा करून, केवळ जमिनीच्या उताराच्या बळावर, शहरापर्यंत आणण्यात आले. बोगद्यावर ठरावीक अंतराने बांधलेल्या शंभराहून अधिक विहिरींसारख्या कुंड्यांतून हवा आणि उजेड आत जात असे. ही इराणी पद्धतीची रचना आहे.

तापीच्या पलीकडच्या काठावरील आहूखाना ही बाग दिवसाच्या अखेरीस पाहावी, म्हणजे पूल एकदाच ओलांडावा लागतो. १६३१ च्या जूनमध्ये बऱ्हाणपुरात मरण पावलेल्या मुमताजमहलचे शव आग्र्यास हलवेपर्यंत, म्हणजे काही महिने, या बागेतच दफन केलेले होते.

ही राजधानी महाराष्ट्राबाहेर राहण्याचे कारण मात्र इंग्रजी अमलात आहे. १८१८ नंतर खानदेश जिल्हा मुंबई इलाख्यात गेला, तर बऱ्हाणपूर १८६० पर्यंत शिंद्यांकडेच राहिले. इंग्रजांनी ते घेतल्यावर निमाड जिल्ह्याला, म्हणजे पुढे मध्य प्रांताला, जोडले आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेतही ते मध्य प्रदेशातच ठेवले गेले.