चेहऱ्यातली कळ आणि तिच्यावरच्या शस्त्रक्रिया

इंदूरच्या थंडीत सकाळी पोह्यांचा पहिला घास घेताच माझ्या मावशीच्या उजव्या गालातून वीज गेल्यासारखी कळ उठत असे. वर्षभरात तिच्या दोन चांगल्या दाढा काढून झाल्या, तरी कळ गेली नाही, कारण दुखणे दाढेचे नव्हतेच. ते मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी पाचव्या, म्हणजे चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल नसेचे होते. वाऱ्याची झुळूक किंवा दात घासणे एवढ्यानेही उठणारी आणि काही सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंत टिकणारी ही कळ बहुधा सुरुवातीला कार्बामाझेपिन या गोळीने आटोक्यात येते. गोळी पुरेशी पडेनाशी झाली, किंवा तिने येणारी चक्कर आणि गुंगी सोसवेनाशी झाली, की शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो.

पुष्कळ रुग्णांमध्ये ही नस मेंदूच्या बुंध्यापाशी जिथे सुरू होते, तिथे एखादी रक्तवाहिनी तिला सतत घासत असते आणि नसेवरचे आवरण झिजते. अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी 1930 च्या दशकातच हा संबंध नोंदवला होता. पुढे 1960 च्या दशकात पीटर जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने त्यावर उपाय रूढ केला. कानामागे कवटीला लहान छिद्र पाडून रक्तवाहिनी बाजूला सारायची आणि मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवायचा, असा हा मायक्रोव्हॅस्क्युलर डिकम्प्रेशनचा मार्ग आहे. जॅनेटा यांच्या चमूने 1996 मध्ये 1,185 रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यात दहा वर्षांनंतरही सुमारे 70 टक्के रुग्ण औषधाविना वेदनामुक्त होते. मला या पद्धतीचे मोल वाटते ते मुख्यतः नस शाबूत राहते म्हणून. मात्र कवटी उघडावी लागते, आणि क्वचित त्या बाजूचे ऐकू येणे जाते किंवा त्याहून गंभीर इजा होते, हे रुग्णाला आधी स्पष्ट सांगायलाच हवे.

उरलेल्या पद्धती वेदना थांबवण्यासाठी नसेलाच मोजकी इजा करतात. गालातून सुई घालून कवटीच्या तळाच्या छिद्रातून नसेपर्यंत पोहोचतात आणि तिथे उष्णता देतात, ग्लिसरॉल सोडतात किंवा इवलासा फुगा फुगवून नस दाबतात. आराम लवकर पडतो, पण चेहऱ्याला बधिरपणा येतो आणि कळ परतण्याची शक्यताही अधिक असते. गॅमा नाइफमध्ये, म्हणजे नसेवर बाहेरून नेमके किरण सोडण्याच्या पद्धतीत, कवटी उघडावी लागत नाही. किरणांचा परिणाम दिसायला मात्र काही आठवडे ते महिने लागतात, म्हणून जेवणखाण बंद पडलेल्या रुग्णासाठी तो सोयीचा नाही.

केवळ वय झाले म्हणून डिकम्प्रेशनचा पर्याय बाद करू नये, प्रकृती पाहून ठरवावे, असे माझे मत आहे. मावशीच्या एमआरआयमध्ये नसेला टेकलेली रक्तवाहिनी दिसली होती, परंतु हृदय कमजोर असल्याने तिने फुग्याची पद्धत स्वीकारली. काही महिने तिचा गाल बधिर होता आणि त्या बाजूने चावणे जमत नव्हते. तीन वर्षांनी कळ परतली, तेव्हा तिने पुन्हा तीच प्रक्रिया करून घेतली.