वजन वाढल्यावर रक्तदाब चढतो, तो मूत्रपिंडामुळे

‘एक किलो चरबी वाढली की कित्येक किलोमीटर नव्या रक्तवाहिन्या तयार होतात, त्यांतून रक्त ढकलायला हृदयाला जोर लावावा लागतो, म्हणून बीपी वाढतं.’ हे स्पष्टीकरण इतक्यांदा ऐकू येतं की ते खरंच वाटायला लागतं. पण नव्या वाहिन्या जुन्यांना समांतर जोडल्या जातात, आणि समांतर जोडणीत एकूण रोध कमी होतो. शाळेतल्या विजेच्या धड्यातला नियम इथेही लागू पडतो.

वजन वाढल्यावर शरीरातलं रक्त वाढतं, हृदय दर मिनिटाला जास्त रक्त फेकतं, हे खरं. तरी तेवढ्याने दाब कायमचा चढा राहू नये. दाब वाढला की निरोगी मूत्रपिंडं जास्तीचं मीठ आणि पाणी लघवीवाटे काढून टाकतात व दाब उतरतो. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्थर गायटन यांनी हाच मुद्दा लावून धरला होता: दाब महिनोन्‌महिने चढा राहतोय, म्हणजे मूत्रपिंडाचं गणित बदललेलं आहे.

हे गणित किती नाजूक आहे पाहा. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातलं सोडियम मिठाच्या हिशेबात मोजलं तर जवळपास दीड किलो भरतं! त्यातलं 99 टक्क्यांहून जास्त ती पुन्हा रक्तात घेतात. या परत घेण्यात अर्ध्या टक्क्याची वाढ झाली तरी दिवसाला सातेक ग्रॅम मीठ अंगात अडकेल. तसं ते साठत जात नाही, कारण दाब चढतो आणि त्या चढ्या दाबाच्या जोरावर खाल्लेलं मीठ बाहेर पडू लागतं. हिशेब जुळतो, पण चढ्या दाबावर.

चरबी हा काटा तीन वाटांनी हलवते. पोटातली चरबी मूत्रपिंडाभोवती साचून त्याला बाहेरून दाबते. मीठ धरून ठेवणारी आणि रक्तवाहिन्या आवळणारी रेनिन-अँजिओटेन्सिन-अल्डोस्टेरॉन ही संप्रेरकांची साखळी जास्त चालू राहते. तिला लागणारा कच्चा माल, अँजिओटेन्सिनोजेन, चरबीच्या पेशीही बनवतात. तिसरी वाट मेंदूतून जाते. चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला चेतवतं, तिथून एमसी4आर या ग्राहीमार्फत (पेशीवरचा, निरोप पकडणारा रेणू) मूत्रपिंडाच्या सिम्पॅथेटिक नसांना, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या नसांना, ‘मीठ धरून ठेवा’ असा निरोप जातो. ज्यांच्यात ही ग्राही जन्मतः बिघडलेली असते ती माणसं खूप लठ्ठ होतात, पण तितक्याच लठ्ठ इतरांच्या मानाने त्यांच्यात उच्च रक्तदाब कमी आढळतो. 2009 साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष विलक्षण आहे: चरबी तेवढीच, निरोप मात्र पोचत नाही.

झोपेत श्वास अडकण्याचा विकार वजनाबरोबर वाढतो आणि तोही याच नसांना डिवचतो. मोठ्याने घोरणाऱ्याचं बीपी औषधांना दाद देत नसेल तर या विकाराची तपासणी करून घ्यावी.

सरासरीने एक किलो वजन उतरलं की बीपीचा वरचा आकडा साधारण एक मिलिमीटरने उतरतो. घाम काढणारे पट्टे आणि ‘चरबी वितळवणारे’ काढे यांनी फक्त पाणी जातं, ते पुढच्या दोन तांब्यांत परत येतं.

मोजण्यातही वजन गडबड करतं. जाड दंडावर बीपी यंत्राचा लहान पट्टा (कफ) बांधला तर आकडा खोटा चढा येतो, कधी 5 तर कधी 20 मिलिमीटरनेसुद्धा. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध उघड्या दंडाचा घेर टेपने मोजा. नेहमीचा कफ साधारण 27 ते 34 सेंटीमीटरसाठी असतो, त्यापुढे 44 पर्यंत मोठा. यंत्रागणिक थोडा फरक पडतो, म्हणून कफवर छापलेली मर्यादा वाचा. लघवी करून या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, दंड छातीच्या पातळीवर ठेवा आणि मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा.

गोळ्या चालू असताना वजन भराभर उतरलं आणि उठताना चक्कर येऊ लागली, तर जुना डोस आता जास्त होत असण्याची शक्यता आहे. गोळी मनाने बंद करू नका. बसून आणि उभं राहून घेतलेले आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा.