चोक व आखूड नळी (छऱ्याची बंदूक)

चोक म्हणजे छऱ्याच्या बंदुकीच्या नळीचे तोंडाजवळ किंचित आवळलेले टोक. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास सु. १८.५ मिमी. असतो. शेवटच्या काही सेंटिमीटरांत तो पूर्ण चोकात सु. १ मिमी.ने, तर निम्म्या चोकात सु. अर्ध्या मिमी.ने घटतो. छर्रे किती पसरणार हे मुख्यतः या घटीवर ठरते, नळीच्या लांबीवर नव्हे. नळी कापली की छर्रे पसरतात ही समजूत मात्र जुनी व चिवट आहे. नळीच्या कापलेल्या चार बोटे लांब तुकड्याबरोबर चोकच जातो आणि उरते ती सरळ, मोकळी नळी. फैलाव वाढतो तो त्यामुळे. मुळात मोकळी असलेली नळी आखूड केली तर फैलावात फारसा फरक पडत नाही.

मोजणीची रूढ पद्धत अशी : ४० यार्डांवर (सु. ३६.५ मी.) मोठा कागद ताणून त्यावर बार काढायचा, छर्रे जिथे दाट पडले तिथे मध्य धरून ३० इंच (७६ सेंमी.) व्यासाचे वर्तुळ आखायचे आणि आतली भोके मोजायची. पूर्ण चोकात सु. ७० टक्के, निम्म्या चोकात ६० व मोकळ्या नळीत ४० टक्के छर्रे आत येतात. सहा नंबरच्या छऱ्यांच्या एका औंसाहून थोड्या जास्त, म्हणजे १ १/१६ औंस भारात इंग्रजी मापाने सु. २८७ छर्रे असतात. त्यांपैकी पूर्ण चोक सु. २०० आत ठेवतो, मोकळी नळी ११५. एका बारावरून निष्कर्ष काढू नये, कारण एकाच नळीतून सुटलेले दोन बारही सारखे पडत नाहीत.

चोकाच्या शोधाचे श्रेय कोणाला द्यावे, याबाबत मतभेद आहेत. ऱ्होड आयलंडमधील जेरेमाया स्मिथ या बंदूककाराला ही क्लृप्ती १८२७ च्या सुमारास साधली होती, असे अमेरिकन परंपरा सांगते. परंतु हा दावा छापला गेला तो बऱ्याच उशिराने, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवणे कठीण. इलिनॉयमधील बदकांचा नामांकित शिकारी फ्रेड किंबल यानेही १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील शोध आपला असल्याचे सांगितले. त्याची नेमबाजी वादातीत असली, तरी दाव्यामागे पेटंट नाही. कागदोपत्री पाहता न्यूकॅसलच्या विल्यम रोचेस्टर पेप याचे १८६६ चे ब्रिटिश पेटंट आधीचे ठरते. सिल्व्हेस्टर रोपरचे अमेरिकन पेटंट १८६८ चे असून त्यातला चोक नळीच्या तोंडावर बसवायचा सुटा भाग आहे. आजच्या पेचाच्या चोकांचा तो पूर्वज म्हणता येईल. बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरने १८७४ च्या सुमारास खात्रीने तोच परिणाम देणारी घडण बाजारात आणली आणि १८७५ च्या लंडनमधील चाचण्यांनी ती गाजवली. अग्रक्रम पेपचा व प्रसार ग्रीनरचा, ही वाटणी त्यातल्या त्यात न्याय्य दिसते.

लांब नळी ही काळ्या दारूच्या काळाची गरज होती. धूरविरहित दारू नळीच्या पहिल्या टप्प्यातच जवळजवळ जळून जाते; पुढे इंचामागे वेग सेकंदाला दोन-तीन मीटरच वाढतो. लंडनच्या रॉबर्ट चर्चिलने १९२० च्या दशकात २५ इंची नळीचा हिरिरीने पुरस्कार केला, तो याच बळावर. आखूड नळी झाडीत चटकन फिरते, पण तोंडाशी आवाज व भडका वाढतो आणि हलकी असल्याने नेम मध्येच थांबण्याची खोड लागते.

रत्नागिरी व सिंधुदुर्गात बंदूक प्रामुख्याने शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असते. शस्त्र अधिनियम, १९५९ पिकाच्या राखणीसाठी आधी ठासणीची बंदूक गृहीत धरतो. ती अपुरी ठरेल अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली तरच किमान २० इंची नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. ठासणीची नळी तोंडातून भरायची असल्याने बहुधा मोकळीच ठेवतात, म्हणून चोकाची निवड हा काडतुसाच्या बंदुकीपुरताच प्रश्न आहे. परवान्याशिवाय नळी आखूड करणे याच अधिनियमाच्या कलम ६ खाली गुन्हा आहे. रानडुकरावर बार टाकायचा तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे परवानगी लागते. माकडे हुसकायला हवेत काढलेल्या बाराला चोक असला काय, नसला काय, सारखेच.

काजू-आंब्याच्या बागेत आणि करवंदीच्या जाळीत नजर २०-२५ यार्डांपलीकडे क्वचितच पोचते. २० यार्डांवर मोकळ्या नळीचा फैलाव सु. ३२ इंच, पूर्ण चोकाचा त्याच्या निम्मा. तेव्हा पाव किंवा त्याहून सैल चोक इथे पुरतो. बहुतेक दुनळ्यांत उजवी नळी सैल व डावी घट्ट असते, आणि पुढचा चाप उजवीचा. एलजी, एसजीसारखे मोठे छर्रे घट्ट चोकात एकमेकांवर दाबले जाऊन वेडेवाकडे जातात, त्यामुळे त्यांची चाचणी ज्या-त्या बंदुकीवर कागद लावूनच घ्यावी लागते. काळ्या दारूचा मळ दमट हवेतला ओलावा धरतो. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या वाऱ्यात ठासणीची नळी बार काढल्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलाचा हात दिला नाही, तर आतून गंजाचे खड्डे पडतात.