तपासणीसाठी रक्त दिल्यावर हात काळानिळा पडू नये म्हणून

सुई काढल्यानंतर शिरेला पडलेले बारीक छिद्र बंद होण्याआधी त्यातून रक्त झिरपून त्वचेखाली साचले, की तेथे काळानिळा डाग उमटतो. म्हणून सुई काढल्यानंतरची पाच मिनिटे आम्हा रक्त तपासणी प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांना फार महत्त्वाची वाटतात, आणि तेवढा वेळ ग्राहकांनी खुर्चीवरून उठू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

कापसाचा बोळा ठेवून कोपर दुमडण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. मात्र दुमडलेल्या हातात दाब नेमक्या जागी बसत नाही आणि हात सरळ करताच छिद्र पुन्हा उघडू शकते. त्याऐवजी हात सरळ ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटांनी बोळा घट्ट दाबून धरावा. तो चोळू नये, आणि रक्त थांबले का हे पाहण्यासाठी सारखा उचलूही नये. हेल्मेट त्याच हाताला अडकवून घाईने जिना उतरणारे ग्राहक आम्ही रोज पाहतो. त्या दिवशी मंडईची जड पिशवी किंवा पाण्याची बादली दुसऱ्या हाताने उचलावी.

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असल्यास आम्हाला आधी सांगावे, म्हणजे आम्ही दहा मिनिटांपर्यंत दाब देऊ. केवळ तपासणीसाठी ही औषधे स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नयेत. डायलिसिससाठी फिस्टुला (शस्त्रक्रियेने धमनी व शीर यांची जोडणी) केलेल्या हातातून आम्ही रक्त घेत नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूचा हातही शक्यतो टाळतो. पूर्वी रक्त देताना चक्कर आली असल्यास संकोच न करता सांगावे, आम्ही झोपवूनच नमुना घेऊ. उपाशीपोटीच्या तपासणीआधी साधे पाणी चालते, आणि ते प्यायल्याने शीर सापडणेही सोपे जाते.

आमच्याकडून दंडाचा पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवला जात नाही आणि सुई काढण्यापूर्वी तो सोडला जातो. सुई आत असताना विजेचा झटका बसल्यासारखी कळ बोटांपर्यंत गेली, तर सहन करत बसू नये. तत्काळ सांगावे, सुई लगेच बाहेर काढली जाईल.

डाग पडलाच, तर पहिल्या दिवशी रुमालात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा. जांभळा डाग पुढे हिरवट-पिवळा होत साधारण एक-दोन आठवड्यांत जातो. मात्र सूज वाढत गेली, जागा लाल व गरम झाली, ताप आला किंवा बोटांना मुंग्या येत राहिल्या, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे आणि आम्हालाही कळवावे.