एकनाड आणि सगोत्र, यात घोळ करू नका

स्थळ चांगलं, फोटो पसंत, आणि गुरुजींकडून पत्रिका जुळवून येताना काका सांगतात "नाड एक येतेय" (एकनाड म्हणतात ती हीच), की घरात कोणीतरी लगेच म्हणणारच, "म्हणजे गोत्र एकच, भाऊबहीण लागतात की!" अहो नाही, दोन्ही वेगळं आहे.

गोत्र वडिलांकडून येतं, काश्यप, भारद्वाज, अत्री वगैरे, घरातल्या सगळ्या भावंडांचं एकच. (मराठा घरांत याच कामाला देवक बघतात.) नाड येते जन्मनक्षत्रावरून, म्हणजे जन्माच्या वेळी चंद्र कुठल्या नक्षत्रात होता त्यावरून. २७ नक्षत्रं तीन नाड्यांत नऊ-नऊ अशी वाटलेली, अश्विनी आद्य, भरणी मध्य, कृत्तिका अंत्य, मग रोहिणी परत अंत्य, मृग मध्य, आर्द्रा आद्य, पुनर्वसूही आद्य, असं जात-येत राहतं. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, त्यामुळे सख्ख्या भावंडांची नाड वेगळी निघू शकते आणि ज्यांचं सात पिढ्यांत नातं नाही अशा दोघांची एक. तिसरा हिस्सा नक्षत्रं एका नाडीत, मग एकनाड वारंवार निघणारच ना. लग्नानंतर बाईचं गोत्र नवऱ्याचं धरतात, नाड मात्र जन्मभर तीच. आणि नाड म्हणजे ब्लडग्रुप असं जे फिरत असतं ना, ते तर सोडूनच द्या, ब्लडग्रुप आईवडिलांकडून येतो, चंद्राकडून नाही.

गुणमेलनात गोत्राला एकही गुण नाही. नाडीला ३६ पैकी ८, सगळ्यात जास्त, आणि एकनाड असली की ते आठही गेले, म्हणजे बाकी सगळं पैकीच्या पैकी जुळलं तरी २८. पास व्हायला १८ लागतात, म्हणून मार्क भरपूर असूनही नुसत्या एकनाडीपायी गुरुजी नाही म्हणतात तेव्हा लोक गोंधळतात.

रक्ताचं नातं टाळायचंय म्हणून गोत्र बघतो म्हणणाऱ्यांची मला जरा गंमत वाटते, कारण मामाची मुलगी सगोत्र नसते आणि आपल्याकडे कित्येक घरांत ती हक्काने करतात. कायद्याने सगोत्र लग्नाची आडकाठी १९४६ लाच काढली, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बघतात ते सपिंड, म्हणजे जवळचं रक्ताचं नातं, आईकडून तीन पिढ्या, वडिलांकडून पाच, तिथेही रूढी असेल तर सूट. नाडीचं कायद्याला काही देणंघेणं नाही.

तर "जमत नाही" आलं की आधी विचारा, नाड की गोत्र? नाड असेल तर दोघांची रास, नक्षत्र आणि चरण (नक्षत्राचा चौथा भाग) मागून घ्या. रास एक पण नक्षत्र वेगळं, जसं मिथुनेतलं आर्द्रा आणि पुनर्वसू, किंवा नक्षत्र एक पण चरण वेगळे, असं असेल तर बरेच ज्योतिषी दोष धरतच नाहीत. गोत्राला चरणबिरण नसतात, तिथे काही घरांत गोत्र बदलावं म्हणून मुलगी नावापुरती मामाला दत्तक देतात आणि मामाच कन्यादान करतो.