असाइनमेंट सुरूच का होत नाही? वेगळ्या घडणीच्या मेंदूसाठी गृहपाठाचं नियोजन

कॉलेजच्या पोर्टलवर एकच ओळ दिसते : '१५०० शब्दांचा निबंध, पाच संदर्भ, मुदत पुढचा शुक्रवार'. या ओळीत डझनभर कामं दडलेली असतात. प्रश्न नेमका काय विचारतोय ते ओळखायचं, संदर्भ शोधायचे, त्यातलं काय वाचायचं नि काय सोडायचं ते ठरवायचं, किती वेळ लागेल याचा अंदाज बांधायचा, सुरुवात करायची, मध्येच दुसऱ्या विषयाचं काम आलं की थांबायचं, पुन्हा त्याच जागी परतायचं आणि शेवटी योग्य नावाची फाइल योग्य ठिकाणी अपलोड करायची. विषयाचं ज्ञान लागतं अशी कामं यात थोडीच. बाकी सगळं व्यवस्थापन. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि आवेग आवरणं अवघड जाणं), ऑटिझम (जगाकडे बघण्याची नि संवादाची वेगळी घडण) किंवा डिस्लेक्सिया (अक्षरवाचन जड जाणं) असलेल्या अनेक विद्यार्थ्यांची दमछाक होते ती मुख्यतः तिथे. विषय येत असतो, वर्गात उत्तरंही देता येतात, तरीही सबमिशन राहून जातं. आणि बघणारा म्हणतो, 'आळशी आहे.'

या व्यवस्थापनाला मानसशास्त्रात कार्यकारी कौशल्यं म्हणतात. त्यातला एक महत्त्वाचा भाग म्हणजे वर्किंग मेमरी, म्हणजे काम करताना डोक्यात तात्पुरती धरून ठेवलेली माहिती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या आढाव्यानुसार कोणत्याही प्रौढ माणसाच्या या स्मृतीत एका वेळी साधारण चारच गोष्टी मावतात. एडीएचडीमध्ये ही जागा बऱ्याचदा आणखी अपुरी पडते. डिस्लेक्सियामध्ये अक्षरं उलगडण्यातच तिचा मोठा वाटा खर्च होतो. शाळेत ही अडचण बऱ्याचदा उघडी पडत नाही, कारण तिथे तासाची घंटा, रोज वही तपासणारे शिक्षक आणि घरची माणसं मिळून हे काम विद्यार्थ्यासाठी करत असतात. कॉलेजमध्ये तो आधार एकदम निघून जातो आणि त्याच वेळी कामाचा आकार वाढतो.

रसेल बार्कली हे मानसशास्त्रज्ञ अनेक वर्षं सांगत आले आहेत की एडीएचडीमध्ये काय करायचं ते बहुधा ठाऊक असतं. ठाऊक असलेलं त्या क्षणी हातून घडत नाही. म्हणून 'वेळेचं नियोजन कसं करावं' यावरचं व्याख्यान फारसं उपयोगी पडत नाही. मदत हवी ती काम घडण्याच्या जागी आणि काम घडण्याच्या वेळी : टेबलावर, स्क्रीनवर, भिंतीवर. डोक्यात धरून ठेवावं लागणारं जितकं बाहेर मांडता येईल तितकं मांडायचं.

आधी एक तक्ता, एकाच जागी

सत्र सुरू झालं की पहिल्या आठवड्यात तासभर काढा आणि सगळ्या विषयांच्या अभ्यासक्रमपत्रिकांमधल्या तारखा एका तक्त्यात उतरवा. रकाने सहा : विषय, काम, गुणांचा वाटा, मुदत, लागणारे तास आणि सुरुवातीची तारीख. शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत. खरं तर उपयोगाची तारीख तीच आहे. समजा एका कामाला दहा तास लागणार आहेत आणि त्यासाठी रोज दीड तास मिळतो. म्हणजे सात दिवस झाले. आजारपण, बंद पडलेला लॅपटॉप यांसाठी आणखी दोन दिवस धरा. मुदतीच्या नऊ दिवस आधीची तारीख ही 'सुरुवात' म्हणून लिहा आणि ती मुदतीपेक्षा ठळक करा. तक्ता भिंतीवर लावा. अॅपमध्ये गेलेली गोष्ट नजरेआड होते, आणि एडीएचडीमध्ये नजरेआड ते मनाआड हे फार लवकर घडतं.

इथे एक धोका आहे. नवं प्लॅनर, नवं अॅप, नवे रंगीत पेन यांचा उत्साह काही आठवड्यांत ओसरतो आणि मग 'माझ्याकडून काहीच टिकत नाही' असं वाटू लागतं. नावीन्य ओसरणं हा या मेंदूचा नेहमीचा स्वभाव आहे, तो गृहीतच धरा. तक्ता तोच ठेवा. कंटाळा आला की रंग बदला, जागा बदला, स्टिकी नोट्स लावा. आतली माहिती दर वेळी नव्याने उतरवायची वेळ आली तर ती पद्धत बुडाली म्हणून समजा.

किती वेळ लागेल?

आपलं काम किती वेळात होईल याचा अंदाज जवळपास सगळ्यांचाच चुकतो. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं की तो कधी पूर्ण होईल. सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ हून अधिक. 'सगळं बिघडलं तर किती लागतील?' यावर त्यांनीच दिलेला अंदाज सुमारे ४९ दिवसांचा होता, म्हणजे वास्तव त्याच्याही पुढे गेलं. एडीएचडीमध्ये मुळात वेळेची जाणीवच डळमळीत असते, त्यामुळे ही तफावत आणखी रुंदावू शकते.

अंदाज सुधारायचा प्रयत्न करण्यापेक्षा आपल्या चुकीचं माप घेणं सोपं आहे. काम सुरू करण्याआधी अंदाज लिहा आणि संपल्यावर खरा वेळ लिहा. दोन तासांच्या अंदाजाला साडेतीन तास लागले, तर गुणक झाला १.७५. चार-पाच कामांनंतर आपला नेहमीचा गुणक कळतो. तो वाचनासाठी, लेखनासाठी आणि गणितं सोडवण्यासाठी वेगवेगळा काढा; डिस्लेक्सियात वाचनाचा गुणक सहसा बराच मोठा निघतो. फाइल शोधणं, लॉगिन करणं, प्रश्न पुन्हा वाचणं, अपलोड करणं हा वेळही मोजा. अंदाजातून नेमका तोच निसटतो.

सुरुवात : सगळ्यात अवघड जागा

एडमंड सोनुगा-बार्क यांच्या संशोधनातून पुढे आलेली एक गोष्ट इथे लागू पडते : एडीएचडीमध्ये उशिरा मिळणाऱ्या फळाची ओढ झपाट्याने कमी होते आणि वाट पाहणंच मुळी त्रासाचं वाटतं. तीन आठवड्यांनी मिळणारे गुण आज रात्रीच्या कामाला ढकलू शकत नाहीत. आदल्या रात्री भीती तेच काम करून दाखवते, पण तिची किंमत झोपेतून वसूल होते.

दोन उपाय खरोखर उपयोगी पडतात. पहिला, 'जर-तर' योजना. पीटर गोल्विट्झर आणि वेरोनिका ब्रांडश्टेटर यांच्या १९९७ मधल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक अहवाल लिहून पाठवायचा होता. ज्यांनी कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधीच ठरवून दिलं, त्यांच्यात वेळेत अहवाल देणाऱ्यांचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या दुपटीहून जास्त होतं. 'संध्याकाळी अभ्यास करेन' ही योजना नाही. 'जेवण झाल्यावर ताट ठेवलं की लायब्ररीत खिडकीजवळच्या टेबलाशी बसून फाइल उघडेन' ही योजना आहे. दुसरा उपाय, पहिली पायरी हाताने करता येईल आणि दुसऱ्याला दिसेल अशी ठेवणं. 'निबंध सुरू करणे' असं यादीत लिहिलं की मेंदूला काय हलवायचं ते कळत नाही. 'नवी फाइल उघडून प्रश्न चिकटवणे' हे कळतं. स्वतःच स्वतःला दिलेली खोटी मुदत मात्र क्वचितच चालते, कारण ती खोटी आहे हे मेंदूला ठाऊक असतं. तिथे दुसरा माणूस लागतो : 'बुधवारी सहाला मी तुला दोन परिच्छेद पाठवते' असं मैत्रिणीला सांगितलं की ती मुदत खरी होते.

आता तोच १५०० शब्दांचा निबंध घेऊ. पहिल्या बैठकीत फक्त चार गोष्टी : फाइलला मागितलेलं नाव देणं, प्रश्न वर चिकटवणं, त्यातलं क्रियापद अधोरेखित करणं (चर्चा करा, तुलना करा आणि मूल्यमापन करा यांना वेगवेगळी उत्तरं लागतात) आणि गुणदानाचे निकष शीर्षकं म्हणून खाली टाकणं. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या बैठकीत शब्द वाटून द्या : प्रस्तावना १५०, तीन भाग प्रत्येकी ४००, शेवट १५०. प्रत्येक भागात काय म्हणायचं ते एका वाक्यात लिहा. मग वाचन. प्रत्येक संदर्भाचा सारांश आणि निष्कर्ष आधी वाचा, आपल्या तीन वाक्यांपैकी एकाला तरी तो उपयोगी आहे का ते पाहा, नसेल तर बाजूला ठेवा. घेतलेल्या प्रत्येक मुद्द्याशेजारी त्याच क्षणी लेखक, वर्ष आणि पान लिहा. संदर्भसूची शेवटी करायला ठेवली तर दमलेल्या डोक्याला सगळं पुन्हा शोधावं लागतं आणि पूर्ण झालेले निबंध तिथेच अडकून पडतात. पहिला खर्डा बोलून लिहा. बोलण्याचा वेग मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांचा असतो, म्हणजे ४०० शब्दांचा भाग चार मिनिटांत कच्चा उतरतो. तो ओबडधोबड असेल, पण कोऱ्या पानापुढे बसण्यापेक्षा लिहिलेलं दुरुस्त करणं वर्किंग मेमरीला खूप हलकं जातं.

किती वेळ सलग बसायचं?

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पद्धत सगळ्यांना सरसकट सुचवली जाते. ती सगळ्यांना मानवत नाही. कंटाळवाण्या कामाला दहा-पंधरा मिनिटंच पुरेत. उलट ऑटिझममध्ये लक्ष थोड्या गोष्टींवर, पण खोलवर एकवटतं असं दिना मरे, माइक लेसर आणि वेंडी लॉसन यांनी २००५ मध्ये मांडलं होतं. अशा विद्यार्थ्याला दर पंचवीस मिनिटांनी बाहेर काढणं म्हणजे त्याचं सगळ्यात मोठं बळ मोडणं. त्याने दिवसाला एक किंवा दोनच विषय घ्यावेत, सलग दीड तास बसावं, आणि खाणंपिणं राहू नये म्हणून गजर लावावा.

थांबताना दोन ओळींची चिठ्ठी लिहा : कुठवर आलो, पुढचं वाक्य कशाबद्दल. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेलं काम दुसऱ्या कामात लक्षाचा काही भाग अडवून ठेवतं. परतीची नोंद लिहून ठेवली की ही अडवणूक कमी होते, हेही त्यांच्या नंतरच्या संशोधनात दिसलं. विश्रांती अशी निवडा जिला आपोआप शेवट आहे : पाणी भरणं, जिना चढून उतरणं. फोनला शेवट नसतो.

वाचन जड जात असेल तर मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावा आणि ऐकताना डोळ्यांनी ओळी धरा. डिस्लेक्सियासाठीचे खास फाँट नियंत्रित चाचण्यांमध्ये फारसे सरस ठरलेले नाहीत. अक्षरांमधली मोकळी जागा वाढवण्याचा मात्र फायदा दिसला आहे. परीक्षेसाठी तेच प्रकरण तिसऱ्यांदा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून आठवेल ते लिहा. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात आठवड्यानंतर असं करणाऱ्यांच्याच लक्षात जास्त राहिलं. एडीएचडीची औषधं चालू असतील तर ती कोणत्या तासांत काम करतात ते डॉक्टरांना विचारा आणि सगळ्यात नावडतं काम त्या तासांत ठेवा. मात्रा स्वतःहून बदलू नका.

सगळंच होणार नसेल तेव्हा

काही आठवडे असे येतात की बेरीज जमतच नाही. तेव्हा गुणांचा रकाना बघा. दोन टक्क्यांच्या साप्ताहिक कामावर सहा तास आणि तीस टक्क्यांच्या प्रकल्पावर दोन तास, ही चूक फार जण करतात, कारण छोटं काम स्पष्ट असतं आणि मोठं धूसर. आणि अर्धवट का होईना, काम द्या. चार असाइनमेंटमध्ये ७५ आणि पाचवीत शून्य, तर सरासरी ६०. पाचवीत ४० मिळाले तरी ती ६८ होते. 'नीट जमलं नाही म्हणून दिलंच नाही' हा निर्णय सगळ्यात महागात पडतो.

सवलत मागायची असेल तर सत्राच्या सुरुवातीलाच कॉलेजच्या संबंधित कक्षाशी बोला. कागदपत्रांना वेळ लागतो. नुसती वाढीव मुदत मात्र एडीएचडीमध्ये बऱ्याचदा फसते, सुरुवात तेवढीच पुढे सरकते. त्याऐवजी मधले टप्पे मागा : या तारखेला आराखडा, त्या तारखेला खर्डा. ऑटिझममध्ये मोघम सूचना अडवतात, म्हणून प्रश्न बंदिस्त विचारा : 'उदाहरणं दोन हवीत की तीन?', 'स्वतःचं मत चालेल का?'

एखाद्या कामाला मुदतवाढ मागायचा ईमेल आजच, काहीही अडलेलं नसताना, लिहून ठेवा. तीन वाक्यं पुरतात : कोणतं काम, आतापर्यंत काय झालंय, कोणत्या तारखेला देणार. आजारपणाची कहाणी आणि लांबलचक माफी गाळा. विषयाचं नाव आणि तारखा भरण्याच्या जागा कोऱ्या ठेवा, म्हणजे मुदतीच्या दोन दिवस आधी, डोकं बंद पडलेलं असलं तरी, रिकाम्या जागा भरून तो पाठवता येईल.